प्राणिशास्त्र शिकवायचंय, पण किड्यांचा नादही सोडायचा नाही. खान्देशातून कोणी कसा रस्ता काढला?

बागेतली (चोपडा)

नमस्कार सगळ्यांना. मी चोपडा तालुक्यातली, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. घराला लागूनच आमची केळीची बाग आहे. कॉलेजातून आल्यावर मोबाइलला साधं भिंग लावून मी ठिबकच्या टाकीपाशी किड्यांचे फोटो काढत बसते. आई म्हणते, पोरीला खुळ लागलं.

मला कॉलेजात शिकवायचंय. घरचे म्हणतात, एम.एस्सी.च्या भानगडीत पडू नको, बी.एड. कर, दोन वर्षांत शाळेत लागशील. मामा म्हणतात, प्राध्यापकाच्या जागा निघतच नाहीत आणि निघाल्या तरी आपल्यासारख्यांना मिळत नाहीत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. विचारायचं कोणाला, तेच कळत नाही. इथे कोणी जीवशास्त्राचे प्राध्यापक असतील तर सांगाल का, तुम्ही तिथपर्यंत कसे पोचलात? आणि नोकरी लागल्यावर असा छंद टिकतो का?

संजूभाऊ (जळगाव)

ताई, बी.एड. केलं की लगेच शाळेत लागतं, हे दिवस गेले. आता अभियोग्यता चाचणी द्यायची, मग शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरायचा आणि भरती निघायची वाट बघायची. माझी बायको त्याच रांगेत आहे. वाट दोन्हीकडे बघायचीच आहे, मग मन जिकडे ओढतं तिकडे बघ. बाकी कॉलेजचं इथले जाणकार सांगतील.

पाटकऱ्याची लेक (साक्री, सध्या धुळे)

बेटा, मी धुळे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, सहयोगी प्राध्यापक आहे. आमच्याही घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं इथलं नाव वडिलांच्या कामावरून आहे. पांझरा नदीवर जुने दगडी बंधारे आहेत. त्यातून पाट निघतो, चढ-उतार बघून गावाच्या रानात फिरतो, आणि त्याखालची जमीन फडांत वाटलेली असते. एका फडात एका हंगामाला सगळ्यांचं एकच पीक, म्हणजे पाण्याची पाळी सरळ लागते. पाळी सोडतो तो पाटकरी, पिकाची राखण करतो तो जागल्या. हे गावानेच शेकडो वर्षं चालवलेलं आहे. वडील पाटकरी होते. त्यांचा डबा घेऊन मी पाटावर जायची आणि पाण्यात बघत बसायची. ते म्हणायचे, "पाटमा इतलं काय दखी ऱ्हायनी व माय?" मी बघत असायची ती चतुरांची पिल्लं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. काठच्या गवतावर त्यांची कोरडी कात चिकटलेली असायची, पाठीवर उभी फाटलेली. मी ती काडेपेटीत जमवायची.

दहावीला मार्क बरे पडले म्हणून सायन्स घेतलं. बी.एस्सी.ला धुळ्यात. तेव्हा प्रॅक्टिकलला बेडूक, झुरळ आणि फॉर्मॅलिनमधून काढलेली मुशी, म्हणजे छोटा शार्क मासा, असायची. समुद्र न बघितलेल्या आम्ही पोरी मुशीच्या डोक्यातल्या नसा चिमट्याने मोकळ्या करायचो, नाका-डोळ्यांतून पाणी यायचं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2011 पासून टप्प्याटप्प्याने आणि 2014 ला पुरतंच विच्छेदन थांबवलं. प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच झालं. पण त्याबरोबर मुलांचं चित्र काढणंही सुटत गेलं, याचं मला वाईट वाटतं. जे आपण पेन्सिलीने काढतो, ते आपण खरंच बघितलेलं असतं. माझ्या वर्गात आजही प्रत्येक जण सही होण्याआधी डोळ्यांसमोरचा नमुना काढतो. जर्नलमधलं जुनं चित्र उतरवलेलं मी चालू देत नाही.

जळगावच्या विद्यापीठातून एम.एस्सी. केलं आणि तासिका तत्त्वावर लागले. हा काळ तुझ्या मामांना माहीत असावा, म्हणून ते तसं बोलतात. तास भरला तर त्याचे पैसे, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काही नाही, आणि जे मिळायचं तेही महिनोन्‌महिने अडकलेलं. सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या, मधे एसटी. एका संस्थेत मुलाखतीच्या आदल्या दिवशी निरोप आला, किती देणार? वडील दोन बिघे विकायला निघाले होते. मी त्यांना सांगितलं, त्या जमिनीवर मी शिकले, ती देऊन मी शिकवणार नाही. ती जागा गेली. मला रात्रभर झोप आली नाही, पण आजही मी तेच सांगेन.

पुढे सेट, म्हणजे सहायक प्राध्यापकासाठीची राज्याची पात्रता परीक्षा, निघाली. मग पीएच.डी.चा विषय. त्या वेळी आमच्याकडे बहुतेक विषय एकाच साच्याचे असायचे. एखादं कीटकनाशक घ्यायचं, नदीतले मासे नाहीतर शिंपले आणायचे, टाकीत ठेवायचे, आणि 96 तासांत निम्मे मरायला किती मात्रा लागते ते काढायचं. तेही काम लागतं, विषारीपणा त्याशिवाय कळणार नाही. पण मला ते करायचं नव्हतं. मी मार्गदर्शक सरांसमोर पाटावरच्या वह्या ठेवल्या. कोणत्या महिन्यात, कोणत्या चारीवर, कोणता चतुर, कोणती टाचणी (चतुराचीच नाजूक, बारीक भावकी), सगळं लिहिलेलं. सरांनी वह्या दोन दिवस ठेवून घेतल्या आणि म्हणाले, विषय मिळाला की तुमचा.

पांझरेच्या पाटांवरचे चतुर आणि टाचण्या, हे माझं काम. ओळख पटवायला फ्रेझरचे चतुर-टाचण्यांवरचे 1933 ते 1936 मधले तीन जुने खंड, त्यांच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स. मारलेले नमुने मी फार थोडे घेतले, कारण कातच पुष्कळ सांगते. चतुराच्या पिल्लाचा खालचा ओठ घडीचा असतो, भक्ष्य दिसलं की तो एकदम पुढे फेकला जातो. त्या ओठावरचे केस आणि दात कातीवर जसेच्या तसे उमटलेले असतात, त्यावरून बऱ्याचदा जात कळते. टाचणीच्या पिल्लाला शेपटाशी तीन पानांसारखे कल्ले असतात. चतुराचं पिल्लू मागच्या बाजूने पाणी आत ओढून श्वास घेतं आणि तेच पाणी जोरात सोडून पुढे उसळतं. हे मुलांना मी काचेच्या बशीत, पाण्यात थोडी शाई सोडून दाखवते. मागची बाकं रिकामी होतात, सगळे टेबलाभोवती.

मातीच्या पाटाचा काठ ओला असतो, गवत असतं, पिल्लांना वर चढायला काडी मिळते. जिथे पाट सिमेंटचे झाले तिथे पाण्याची बचत झाली, शेतकऱ्याच्या बाजूने ते मला पटतं. पण तिथे मला काती जवळजवळ मिळेनाशा झाल्या. आणि गावाच्या सांडपाण्याजवळ ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा हा नारिंगी पंखांचा चतुर वाढला की समजायचं, पाणी बिघडतंय. तो घाण पाणी सोसतो, बाकीचे निघून जातात. हे मी गावच्या सभेत सांगितलं तेव्हा वडील शेवटच्या रांगेत बसले होते. त्या दिवशी त्यांना कळलं, मी पाटात काय बघत होते.

पीएच.डी.नंतर दोन वर्षांनी अनुदानित जागेवर लागले, गुणवत्तेवर, एक रुपया न देता. अशी माणसं आहेत, अशा संस्थाही आहेत. मामांना सांग.

आता तुझ्या कामाचं. प्राध्यापक व्हायला एम.एस्सी.त 55 टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गाला 50. सीएसआयआर-यूजीसी नेटला, म्हणजे देशपातळीवरच्या पात्रता परीक्षेला, जीवशास्त्राचा पेपर 200 गुणांचा, तीन तास, चुकीला गुण कापतात. त्यातला अर्धा भाग चार-चार गुणांच्या अवघड प्रश्नांचा, आणि तिथे 75 पैकी 25च सोडवायचे असतात. म्हणजे सगळं येण्यापेक्षा काही घटक पक्के येणं महत्त्वाचं. पेशी, जनुकशास्त्र, परिस्थितिकी, उत्क्रांती हे तू आत्तापासून घट्ट कर. 2024 पासून नेटच्या निकालात फेलोशिप, सहायक प्राध्यापक आणि फक्त पीएच.डी. असे तीन गट असतात. फेलोशिप मिळाली तर महिन्याला 37,000, पुढे 42,000. तासिकेवर काढलेल्या माझ्या वर्षांकडे बघता हा फार मोठा आधार आहे, आणि त्याला वयाची अट आहे, म्हणून उशीर करू नको. सेट पुण्याचं विद्यापीठ घेतं. तिला वयाची अट नाही, गुण कापत नाहीत, आणि महाराष्ट्र-गोव्यातल्या जागांना ती चालते. दोन्ही दे. प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही संशोधनासाठी फेलोशिप असतात. 2023 पासून सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. सक्तीची नाही, नेट किंवा सेट पुरते. पण स्पर्धेत ती लागतेच, आणि मुळात ती करण्यात आनंद आहे.

बी.एड. वाईट नाही. शाळेतला चांगला शिक्षक मला प्राध्यापकापेक्षा मोठा वाटतो. पण घरचे म्हणतात म्हणून करू नको.

तासिकावाला (नंदुरबार)

मॅडमनी जे लिहिलं ते अजून तसंच आहे. मी वनस्पतिशास्त्राला तासिकेवर आहे, नेट झालंय. एक जोडतो. या वर्षांत पोट भरायला दुसरं काहीतरी हाताशी ठेव. मी सकाळी अकरावी-बारावीचे क्लास घेतो, त्यावर घर चालतं. आणि संशोधनाची जागा घरापासून लांब घेऊ नको. माझ्या मित्राने विषय कोकणातला घेतला, भाड्यातच तो थकला.

पाटकऱ्याची लेक (साक्री, सध्या धुळे)

तासिकावाले सर, तुमचं अगदी खरं. सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावरचा विषय घ्यावा. तासिकेची वर्षं त्याच्यावरच निघतात. पाचचा तास संपला की मी पाटावर पोचायची, त्याला ना परवानगी लागायची ना पैसे. खान्देशात बघण्यासारखं काय आहे, असं कोणी म्हटलं की मला राग येतो. हतनूर धरणाच्या पाण्यावर हिवाळी बदकं उतरतात, यावलचं जंगल तर तुझ्या तालुक्याला लागून. केळीच्या बागेत किती कोळी राहतात, हे कोणी नीट मोजलंय का?

बागेतली (चोपडा)

मॅडम, तुमचं आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, त्या बाईंना विचार, संसार करून एवढं जमतं का. मलाही विचारायचंय. नोकरी लागल्यावर छंदाला वेळ मिळतो का, की तोही कामच होऊन जातो? आणि गणपतीनंतर आमच्या बागेवर शेकडो पिवळसर चतुर संध्याकाळी घिरट्या घालतात. पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. ते एवढे येतात कुठून?

पाटकऱ्याची लेक (साक्री, सध्या धुळे)

आधी चतुरांचं, कारण ते मला फार आवडतं. ते बहुधा पँटाला फ्लॅव्हेसेन्स. जगभर पसरलेला चतुर आहे. पावसाने भरलेल्या डबक्यात अंडी घालतो, पिल्लू दीड-दोन महिन्यांत मोठं होतं, डबकं आटायच्या आत उडून जातं. पाऊस सरला की हे वाऱ्याबरोबर निघतात. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन नावाच्या जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की, दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास तिथे हे थव्यांनी उतरतात, आणि त्या बेटांवर तर यांना वाढायला गोडं पाणी जवळजवळ नाहीच. 2009 मध्ये त्याने मांडलं की हे भारताकडून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत. बोटाएवढा जीव. तुझ्या केळीवर घिरट्या घालणाऱ्यांतले काही त्या वाटेवर असतील, असं मनात धरून एकदा त्यांच्याकडे बघ.

आता छंदाचं, अगदी मनातलं सांगते. चतुर हा माझा छंद होता. त्याचं काम झालं, आणि मला ते आवडतं. पण त्यावर आता शोधनिबंध आहेत, पदोन्नतीच्या अर्जात त्यांची गणती आहे, विद्यार्थी आहेत, मुदती आहेत. पाटावर गेले की हातात वही असतेच. नुसतं बसणं राहिलं नाही. म्हणून मी दुसरा एक नाद धरला, ज्याचा निबंध होणार नाही. मी खापरावरचे मांडे करते.

सासूबाई आमच्या खानदानातल्या नावाजलेल्या. लग्नानंतर पहिल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) त्यांनी परातीजवळ बसवलं. गहू ओलवून दळलेला, पीठ वस्त्रगाळ, कणिक तिंबून तिंबून अशी करायची की ओढली तरी तुटत नाही. पुरण भरायचं, आणि मग पोळपाट-लाटणं नाही, दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत, फिरवत फिरवत तो मांडा वाढवायचा आणि उलट्या तापलेल्या खापरावर सोडायचा. खाली काड्यांची आच सगळीकडे सारखी लागते. घाई केली की फाटतो, थांबलं की लोंबतो. मला तो नीट जमायला काही आखाज्या गेल्या. सासूबाई शिकवताना बोलायच्या नाहीत, फक्त माझ्या कोपराला खालून हात लावायच्या, इथे उचल म्हणून. आता त्यांचे हात थरथरतात, म्हणून त्या बसून बघतात आणि मी करते. गल्लीतल्या चार-पाच जणी येतात, गाणी होतात, दुपार निघून जाते. त्या दिवशी माझ्या डोक्यात एकही चतुर नसतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मी जास्त चांगली शिकवते. हे मी बऱ्याच वर्षांपासून बघतेय.

म्हणून छंद काम होईल याला भिऊ नको, होऊ दे. फक्त त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी ठेव, जे कोणत्याच अर्जात लिहायचं नाही.

आईंना सांग, जमतं, पण एकटीला जमत नाही. माझ्या घरी सकाळचा स्वयंपाक नवरा करतो, कारण पाटावर कोवळ्या उन्हातच जावं लागतं. लग्न ठरवताना हे मी आधी बोलून घेतलं होतं. तेव्हा पाहुण्यांत कुजबुज झाली. आज त्याच्या हातची कळण्याची भाकरी खायला तेच पाहुणे येतात.

शहादेकर

मॅडम, खान्देशात काय बघायचं म्हणणाऱ्यांना आमच्या रानपिंगळ्याचं, त्या छोट्या घुबडाचं, सांगा. 1884 नंतर 113 वर्षं तो कुणाला पक्का दिसला नव्हता. लोक म्हणायचे, संपला. 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ सातपुड्यात तो पुन्हा सापडला. आमचे वडील तेव्हा त्याच बाजूच्या रानात लाकडाला जायचे. म्हणतात, त्याचा आवाज तर आम्ही कायम ऐकत होतो.

बागेतली (चोपडा)

शहादेकर दादा, हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही! मॅडम, मी ठरवलं, एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देणार. घरी अजून पूर्ण होकार नाही, पण आईने निदान बाबांशी बोलते म्हटलं. आजपासून वही करायची आहे. त्यात काय काय लिहू? आणि खाली टाकलेल्या फोटोतला लाल चतुर कोणता? टाकीच्या कडेला रोज तोच बसतो.

पाटकऱ्याची लेक (साक्री, सध्या धुळे)

शहादेकरांनी रानपिंगळ्याचं काढलं ते बरं झालं, कारण वहीचं उत्तर त्यातच आहे. तो सापडला कसा? पामेला रासमुसेन या संशोधिकेने जगभरच्या संग्रहालयांतले जुने नमुने तपासले. त्यातला मेनर्ट्‌झहागेन नावाच्या माणसाचा एक नमुना, 1914 चा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून ठेवलेला. तपासल्यावर कळलं की तो मुळात दुसऱ्याचाच जुना नमुना होता, चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावलेला. ती चिठ्ठी खरी मानून लोक चुकीच्या जागी शोधत राहिले होते. रासमुसेन आणि त्यांचे सोबती मग फक्त खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांना गेले, आणि त्यात आपलं खान्देश होतं.

म्हणून वहीत फोटोआधी चिठ्ठी, म्हणजे कुठे, कधी, कसं दिसलं याची नोंद. तारीख, वेळ, गाव आणि शिवार, बागेतली नेमकी जागा, ऊन की ढग, पाणी वाहतं की साचलेलं, तो बसला होता की उडत होता. केळीला फवारणी झाली असेल तर कोणत्या दिवशी आणि कशाची, ते बाबांना विचारून लिही. पुढे त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होईल. नाव माहीत नसेल तर जागा रिकामी सोड, अंदाजाने भरू नको. दिसलं नाही तेही लिही. शाईने लिही, खोडायचं तर एक रेघ मारून, खालचं वाचता येईल असं.

तुझा लाल चतुर क्रोकोथेमिस सर्व्हिलियाचा नर वाटतो. मादी पिवळसर तपकिरी असते, तीही तिथेच जवळपास गवतात असेल, शोध. पण वरून काढलेल्या फोटोवरून मी पक्कं सांगणार नाही. उद्या सकाळी उन्हाला पाठ करून, त्याच्या उंचीवर बसून एक बाजूने काढ, पंखाच्या बुडाशी पिवळट डाग आहे का ते दिसलं पाहिजे.